ताईंचे सत्तावीस शब्द

जगातल्या यच्चयावत वस्तूंचे आणि माणसांचे पास, रिजेक्ट आणि रीवर्क असे तीनच प्रकार असतात, चौथा संभवत नाही, असं मानणारी व्यक्ती माझ्या माहितीत एकच आहे आणि ती नेमकी माझ्या बायकोची थोरली बहीण आहे. जुन्या लोकांनी या नात्याला आकडसासू असा ऐकूनच धाक बसावा असा शब्द ठेवलेला आहे. घरात आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. ताई गास गावच्या, आणि लग्न होऊनही गासमध्येच राहिल्या. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ‘ण’ कोणी उच्चारलेला नाही, त्यांचं त्याच्यावाचून काही अडलेलंही नाही. ताईंच्या बोलण्यात तो सापडत नाही, पण शिवणीत एक टाका कमी असला तर तो त्यांना चार हातांवरून सापडतो. वालीवच्या एका गाळ्यात त्यांनी सव्वीस वर्षं शिलाई मशीन चालवलं. दोरावरून कडा उतरणारे किंवा दरीवरून लोंबकळत जाणारे हौशी लोक कमरेला आणि मांड्यांना जे पट्टे बांधतात, ते तिथे शिवतात. त्याला हार्नेस म्हणतात. हे मला इतकं नीट माहीत असण्याचं कारण पुढे येईलच.

चोवीस वर्षांपूर्वी मी गासला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे पुढे करता करता ताईंनी माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरली, उलटी केली, आतली शिवण बघितली आणि तशाच आत गेल्या. आत त्यांनी काय निकाल दिला, ते बायकोने मला लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितलं. “रीवर्क लागेल, पन कापड चांगलं आहे.” ते रीवर्क अजून चालू आहे. आमच्या मुलाचं दप्तर दुकानातून आणलं की आधी ताईंकडे जाई, आणि एका वर्षी ते तीनदा परत गेलं. बोळिंजच्या आमच्या सोसायटीत बागेतल्या झोपाळ्याचं उद्घाटन होतं. सेक्रेटरींनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि पाहुण्या म्हणून आलेल्या ताईंनी साखळीला एक हिसका देऊन सर्वांसमोर “रिजेक्ट” असं जाहीर केलं. सेक्रेटरी माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी झोपाळ्याचा हूक आपोआप उघडला. झोपाळा रिकामा होता हे नशीब. त्यानंतर सेक्रेटरी बोलायला लागले, पण ताई सोसायटीत आल्या की ते स्वतः घरात जातात.

गेल्या वर्षी मशीनवर वाकून वाकून ताईंची मान धरली. डॉक्टरांनी सांगितलं की आता वाकायचं काम बंद. योगायोगाने त्याच सुमारास गाळ्यातले चेकर निवृत्त होणार होते. चेकरचं टेबल उंच असतं, ताठ उभं राहून तयार माल तपासायचा. ताईंना ते टेबल हवं होतं. सव्वीस वर्षं दुसऱ्याने त्यांची शिवण तपासली, आता त्यांना सगळ्यांची तपासायची होती, आणि मशीन सुटल्यावर गाळ्यात त्यांच्यासाठी दुसरी जागाही नव्हती. मालक म्हणाले, खुशाल घ्या, पण बराच माल परदेशी जातो, रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागेल. सहा आठवड्यांनी परीक्षा घेईन. जमलं तर टेबल तुमचं, नाही तर बाहेरून माणूस आणीन.

कोरा रिपोर्ट घेऊन ताई आमच्याकडे आल्या. सातवीपर्यंत शाळा झालेली, अक्षरं लेबलांवरून ओळखीची. त्यांना अर्थ न लागणारे शब्द मी मोजले, ते सत्तावीस भरले. मी पद्धतशीर माणूस आहे. रोज तीन शब्द, नऊ दिवस, असा तक्ता आखून दिला. नवव्या दिवशी तोंडी परीक्षा घेतली, तेव्हा डोक्यात चारच शब्द शिल्लक होते.

ताईंना त्याचं काही वाटलं नाही. म्हणाल्या, “पाठ केलेला शब्द वर वर राहतो, भावोजी. ओढला की निघून येतो.” मग त्यांनी मला विचारलं की आजवर आपल्या हातून असे किती पट्टे गेले असतील. मी कमीत कमी धरून हिशेब केला तरी तो लाखाच्या वर गेला. आणि त्यातले माणसाच्या अंगावर किती पाहिले? एकही नाही, हे उत्तर त्यांनीच दिलं. त्या क्षणी शिकवणी बंद झाली आणि जिथे हे शब्द अंगात घालतात तिथे जाऊन ते शिकायचे असं ठरलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं जव्हारच्या बाजूला डोंगरातल्या एका साहसी खेळांच्या कॅम्पवर हजर झालो. ताई बायकोच्या पंजाबी ड्रेसमध्ये, बायको वही घेऊन, आणि मी का आलो आहे हे मलाच नीट माहीत नव्हतं. फॉर्मवर वजन लिहायचं होतं. मी चौऱ्याऐंशी किलो तीनशे ग्रॅम लिहिलं. तिथले मुख्य प्रशिक्षक तिशी ओलांडलेले, दाढीवाले, शांत गृहस्थ होते. नुसतं चौऱ्याऐंशी चाललं असतं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, खरं ते खरं.

त्यांची शांतता पुढच्या चाळीस मिनिटांत कामी आली. ताईंनी टेबलावरचे बाराही हार्नेस उलटे करून तपासले. मागे कॉलेजच्या मुलामुलींची रांग कुरकुरत होती. बारापैकी दहा ताईंच्याच गाळ्यातले निघाले. एकाची मांडीजवळची कड दगडावर घासून विसविशीत झाली होती. तो ताईंनी बाजूला ठेवला आणि याला इंग्रजीत काय म्हणायचं ते विचारलं. प्रशिक्षक ‘वॉर्न’ म्हणाले, जरा ओशाळले आणि त्यांनी तो पट्टा कात्रीने कापून टाकला. बायकोने वहीत पहिला शब्द खोडला. पुढचा शब्द ‘लोड’. म्हणजे दोराला येणारा भार, असं सांगून प्रशिक्षकांनी उदाहरणासाठी आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

चाळीस फुटी कड्यावरून मी खाली सोडला गेलो तो असा. वरती कड्याशी प्रशिक्षक दोर धरून आणि ताई कागद धरून. ‘एज’ म्हणजे काय हे समजावं म्हणून मला टाचा बाहेर काढून कड्याच्या टोकावर उभं करण्यात आलं. ‘स्लॅक’ म्हणताच दोर हातभर सैल झाला आणि मी हातभर खाली गेलो. ‘टेन्शन’ला तो पुन्हा आवळला. टेन्शन आपल्याला ठाऊक होतं, पण ते दोरालाही येतं हे ठाऊक नव्हतं, असं ताई वरून म्हणाल्या. एखादा शब्द नीट बसला नाही तर त्या पुन्हा करायला लावत. ‘स्लॅक’ चार वेळा झाला. खालून बायको आकडे पुकारत होती, आणि तिच्या आवाजात काळजी असल्याचं मला तरी जाणवलं नाही. विसाव्या शब्दाला ‘रिलीज’ आला, तेव्हा मी लोंबकळत असतानाच निक्षून सांगितलं की हा एक शब्द पुस्तकातून शिकावा.

मग मला वर ओढून घेतलं आणि ताई स्वतः उतरल्या. म्हणजे उतरायला निघाल्या, आणि दहा फुटांवर थांबल्या. ना वर, ना खाली. मी घड्याळ बघत होतो, तीन मिनिटं झाली. घाबरल्या असतील म्हणून प्रशिक्षकांनी वर ओढू का असं विचारलं. मी वाकून ओरडलो, “ताई, कोणता शब्द?”

“शब्द नाही,” त्या खालून म्हणाल्या. “थांबा जरा.”

एका हाताने त्यांनी मांडीजवळची शिवण धरून ठेवली होती. बोटं टाक्यांवरून सावकाश फिरत होती. प्रत्येक मशीनचा नंबर पट्ट्याच्या आतल्या अंगाला बारीक धाग्याने घातलेला असतो. तो नंबर सात होता, आणि सात नंबरचं मशीन सव्वीस वर्षं ताईंचं होतं. वर आल्यावर त्यांनी बकल सोडलं, पाणी प्यायल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “यात मानूस असतो, भावोजी.” मी म्हटलं, असतोच ना. त्यावर म्हणाल्या, “असतो ते माहीत होतं. पन खरंच असतो.”

परीक्षेत सत्तावीसपैकी सव्वीस शब्द बरोबर आले. चुकला तो ‘रिलीज’, आणि त्याची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे. मालकांनी तीन महिन्यांच्या बोलीवर टेबल दिलं. पण दुसऱ्या महिन्यात नवीनच अडचण आली. जुने चेकर दिवसाला ऐंशी नग तपासत, ताईंचे सत्तरच होत होते. ऐंशी झाले नाहीत तर विचार करावा लागेल, असं मालकांनी सांगितलं. वेळ कुठे गळतो ते बघा, म्हणून ताईंनी मला बोलावलं. हे काम माझ्या आवडीचं. एका शनिवारी मी घड्याळ आणि कागद घेऊन गाळ्यात दिवसभर टेबलाजवळ उभा राहिलो.

टाके, लेबल, बकल, रिपोर्ट, सगळं ठरलेल्या वेळात होत होतं. फरक शेवटी पडत होता. नग पास करायच्या आधी ताई तो वरच्या खुंटीला अडकवायच्या, मांड्यांच्या दोन फासांत दोन्ही हात घालायच्या, डोळे मिटायच्या आणि सगळा भार टाकून नुसत्या थांबायच्या. हे कामाच्या यादीत कुठे नव्हतं. सत्तर नगांची सरासरी काढली. एका नगामागे एकावन्न सेकंद.

संध्याकाळी ताईंनी माझा कागद मागितला. “सापडलं का काय?” त्यांनी विचारलं. आयुष्यभर मी लोकांच्या वाया जाणाऱ्या मिनिटांवर बोट ठेवत आलो आहे. मुलगा आंघोळीला किती वेळ लावतो हे मी भिंतीवर लिहून ठेवलेलं आहे. त्या कागदाकडे मी दोनदा बघितलं आणि म्हटलं, “सापडलं नाही. पास आहे.”

मालकांसाठी मी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं की या टेबलावर एका माणसाने नीट काम केलं तर दिवसाला सत्तर नग होतात, आणि खाली सही केली. मालकांनी कागद वाचला, मला एकदा वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि तो खणात ठेवून दिला. त्या दिवसानंतर ऐंशीचा विषय निघालेला नाही. ताई अजून त्या टेबलावर आहेत.

ती एकावन्न सेकंदं डोळे मिटून ताई कोणाचा भार तोलतात, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही. माझ्या अंदाजाने ते वजन चौऱ्याऐंशी किलो तीनशे ग्रॅम असावं.