अर्जदाराचा पत्ता

फेटा बांधण्यापूर्वी तो समोरच्याची हनुवटी एका बोटाने वर उचलायचा आणि म्हणायचा, “मान ताठ, पावणं. एवढा येळ तरी.” समोर नवरदेव असो, साखर कारखान्याचा संचालक असो की सत्काराला आलेला पोलीस अधिकारी, हनुवटी सर्वांची सारखीच उचलली जाई. आपल्यापैकी कोणी कोल्हापुरातल्या एखाद्या लग्नात फेटा बांधून घेतला असेल, तर ते बोट कदाचित आपल्याही हनुवटीला लागले असेल.

तो आमच्या गल्लीत आईबरोबर राहत असे. थोरला भाऊ राधानगरीकडे शेती पाही. वय चाळिशीचे, लग्न झालेले नव्हते. कोणी विचारलेच तर म्हणे, “दुसऱ्यांच्या लग्नातनं सवड कुठं घावतीया!” लोक हसत आणि विषय तिथेच संपे. मीही हसलो होतो.

मी जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तेव्हापासून पत्रे लिहितो. गटारांविषयी, पथदिव्यांविषयी, अडलेल्या पेन्शनविषयी. प्रत्येक पत्राखाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून चार-पाच कार्यालयांची नावे असतात. जाता-येता तो खिडकीत डोकावे.

“काका, आज कुणाचा नंबर?”

“आयुक्तांचा.”

“बिचारं!” म्हणून तो पुढे जाई.

गेल्या वर्षी एका दुपारी तो आत आला, तेव्हा उजव्या मनगटाला प्लास्टर होते आणि एक डोळा सुजून मिटला होता. खुर्चीच्या कडेवर बसून तो म्हणाला, “काका, मला बायका न्हाईत आवडत. गडी आवडत्यात. ह्ये आधी सांगतो, मग पुढचं लिवा.”

कबूल करतो, मी क्षणभर पेनाच्या टोपणाकडे पाहत राहिलो. मग विचारले, “मार कुठे कुठे बसला?”

मोबाइलवर ओळख झालेल्या एका माणसाने त्याला कळंब्याच्या बाजूला भेटायला बोलावले होते. तिथे एकाऐवजी दोघे निघाले. त्यांनी काठीने मारून मनगट मोडले, सोनसाखळी आणि फोन हिसकावला, आणि तोंड उघडलेस तर गल्लीत तुझी बदनामी करू, असे बजावले. अशा अवस्थेतही त्याने त्यांच्या मोटरसायकलचा क्रमांक पाठ केला. पोलिसांना सांगितलाही. त्यांनी अदखलपात्र नोंदीचा एक कागद हातात देऊन त्याला घरी पाठवले. त्या कागदावर मनगट नव्हते, साखळी नव्हती, क्रमांकही नव्हता. ‘किरकोळ शिवीगाळ’ एवढेच होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो. एक्स-रे टेबलावर ठेवला. हाड मोडणे ही गंभीर दुखापत, मारून ऐवज घेणे ही जबरी चोरी. दोन्ही गुन्हे दखलपात्र, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवायची की नाही हे ठरवणे अंमलदाराच्या मर्जीवर नाही. हे सर्व मी कलमांसह सांगितले.

ठाणे अंमलदार पेन फिरवत ऐकत होता. “काका, तुमी शिकल्याली माणसं. ह्यो तिथं कशाला गेलता, इचारलं काय? आपल्या मर्जीनं गेलता न्हवं?”

“मर्जी भेटण्यापुरती होती. हाड मोडून घेण्याची नव्हती.”

“तसल्या भानगडीत ह्ये हुतंयच की.”

“सर्वोच्च न्यायालयाने ती भानगड गुन्ह्यातून काढली आहे.”

“दिल्लीत काढली आसंल.”

बाकावरचा शिपाई त्याच्याकडे वळून म्हणाला, “का रं, तुज्या लग्नात फेटा कुणी बांधायचा? तू का त्येनं?” सगळे ठाणे हसले.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “त्या शिपायाच्या भावाच्या लग्नात समद्यांचं फेटं मीच बांधलं, काका. ह्येची मान लई आखूड. तीनदा सोडून बांधाय लागला.” आणि आम्ही रस्त्यात उभे राहून हसलो.

त्याच संध्याकाळी मी पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहिला. नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, पोटकलम ४. अडीच पाने झाली. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “झ्याक झालंय. फकस्त पत्ता तुमचा घाला की.”

“तसे चालत नाही. पत्ता अर्जदाराचाच लागतो.”

“आई घरात आसती, काका.”

“नियम आहे,” मी म्हणालो.

असा नियम नाही. पत्रव्यवहारासाठी दुसऱ्याचा पत्ता देता येतो. तसे कितीतरी अर्ज मी स्वतः स्वीकारले होते. पण माझ्या अर्जात कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये, या हट्टापायी मी त्याचे नाव आणि पत्ता घर क्रमांकासह लिहिला. आज या लेखात त्याचे नाव नाही, ते त्यामुळे.

तो क्रमांक पोलिसांपाशी तीन आठवडे पडून होता. त्या मोटरसायकलवाल्याच्या घरी कोणी गेले नाही. माझा अर्ज अधीक्षकांच्या कार्यालयातून ठाण्यात पोहोचताच मात्र दोन पोलीस आमच्या गल्लीत हजर झाले. सकाळची वेळ, नळाला पाणी आलेले, बायका घागरी लावून उभ्या. त्यांनी त्याच्या आईला सर्वांदेखत विचारले, “मावशे, तुजा पोरगा गड्यांस्नी भेटाय जातो, ठावं हाय का?”

“पाणी भरू द्या आधी,” म्हातारी म्हणाली. पण रिकामी घागर घेऊन ती आत गेली, ती परत आली नाही.

दुपारी थोरला भाऊ आला आणि त्याला ठाण्यात घेऊन गेला. जबाब झाला: पाय घसरून पडलो, गैरसमजातून तक्रार दिली, कोणाविरुद्ध काही म्हणणे नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून खाली डाव्या हाताचा अंगठा. तीन आठवडे ज्यांना एक गुन्हा नोंदवता आला नाही, त्यांनी हा जबाब अर्ध्या तासात लिहून घेतला. मला उत्तर आले: ‘अर्जदाराची तक्रार नसल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.’

मनगट नीट जुळले नाही. कापडाला पीळ देताना पकड सुटू लागली. लग्नाच्या सुपाऱ्याही येईनाशा झाल्या; त्याचे कारण मनगट नव्हते. धारवाडकडे एका मंडपवाल्याने काम देऊ केले, तेव्हा तो निघाला.

मी त्याला बसस्थानकावर गाठले. दंडाधिकाऱ्यांपुढे द्यायचा अर्ज तीन प्रतींत तयार करून नेला होता, या वेळी माझा पत्ता घालून. त्याने तो उभ्याउभ्या वाचला.

“बरोबर हाय की समदं,” तो म्हणाला. “पर चौकशीला आलं, तर दारात आईच येणार, काका.”

“या वेळी ते माझ्या दारात येतील.”

“गल्ली एकच हाय की.”

मी प्रती परत घेतल्या. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि तो गाडीत चढला.

ती मोटरसायकल अजून शहरात फिरते. मी ती दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा ठाण्याला लेखी कळवले. उत्तर नाही. गंभीर दुखापतीच्या गुन्ह्याला मुदतीचे बंधन नसते. न्यायालय त्याची दखल कधीही घेऊ शकते. तिन्ही प्रती माझ्या खणात आहेत. खाली ‘अर्जदाराची सही’ असे छापलेले आहे, आणि त्यावरची जागा कोरी आहे.