अतियाने घातलेलं कुलूप

आमच्या गल्लीत राग कुणाला शोभत असेल तर तो उम्म अतियाला. अतियाची आई, म्हणून अख्खी गल्ली तिला उम्म अतियाच म्हणते. भट्टीवर बसली की एका हाताने पाव उलटते आणि तोंडाने माणसं. एकदा मीटर वाचायला आलेल्या माणसाला तिने असं झापलं की बिचारा आपली सायकल आमच्याच दारात विसरून गेला. ती गंमत वेगळी, ती राहू दे.

अतिया कुवेतला कामाला. जाण्याआधी त्याने लेकीच्या, हनीनच्या, कॉम्प्युटरला कुलूप घातलं. चार ते सहा चालणार, मग आपोआप बंद. "पोर बिघडायला नको," म्हणाला. बरं बाबा, बाप आहेस. पण या शहाण्याच्या डोक्यात रमजान आलाच नाही! रमजानात चार ते सहा आमच्याकडे बूड टेकायला तरी कुणाला फुरसत असते? खरा दिवस उजाडतो तो संध्याकाळी रोजा सुटल्याची तोफ उडाल्यावर. म्हणून तर शाळेने हनीनची परीक्षा तोफेनंतर ठेवली, घरूनच, कॉम्प्युटरवर. तांता शहरातल्या मोठ्या शाळेतली जागा त्या एका परीक्षेवर ठरायची.

तोफ झाली. मी त्यांच्याच ओट्यावर खजूर चघळत होतो, तेवढ्यात पोरगी रडत बाहेर आली. "आजी, बंद पडला! पासवर्ड मागतोय!"

सून बाळंतपणाला माहेरी. उम्म अतियाने तिथूनच कुवेतला फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

"अतिया, कुलपाचा शब्द सांग. लवकर."

"आई, आत्ता नाही सांगता येत. खोलीतले सगळे दोस्त जेवायला बसलेयत."

"मग? त्यांच्या ताटातला घास मागतेय का मी?"

"आई... ते... तुझंच आहे ना ते."

"माझं काय?"

"नाव," गडी कसाबसा पुटपुटला. तो का अडलाय ते माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे चार पुरुषांत आईचं नाव घेत नाहीत. म्हणूनच त्याने ते निवडलं असणार: कुणी उच्चारणार नाही, म्हणजे कुणाला कळणारही नाही. मला ते नाव ठाऊक होतं, तिच्या लग्नात ढोल मीच वाजवला होता. पण परपुरुष मी, कसा बोलू?

हनीनने डोळे पुसले. "आजी, तुझं नाव काय गं?"

झालं! म्हातारी लालबुंद झाली.

"ऐकलंत? नातीला माझं नाव माहीत नाही! आणि हा, माझ्या पोटचा, त्याच नावाचं कुलूप करतो आणि ते घ्यायला लाजतो! आईचं नाव म्हणजे काय उघडं अंग आहे रे? पोरीची शाळा गेली तरी चालेल, पण तुझ्या दोस्तांच्या कानावर पडायला नको?"

"आई, हळू..."

"इन्शिराह!" ती गल्लीकडे तोंड करून ओरडली. समोरच्या गच्चीवरची जेवणं थांबली. "इन्शिराह! मुतवल्ली बापाची लेक! लिही गं पोरी!"

पोरगी आत पळाली. फोनमधून अतियाचा कुणी दोस्त अदबीने म्हणाला, "इन्शिराहआई, रोजा कबूल होवो."

"तुझाही होवो, लेकरा. शेजारच्या गाढवालाही जरा शिकव."

आतून हनीन ओरडली, "उघडलं! पेपर दिसतोय!" म्हातारी दाराला पाठ लावून बसली आणि तासभर कुणाला आत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी टोमॅटोवाल्याने सवयीने हाक मारली, "उम्म अतिया!"

खिडकी उघडली नाही. त्याने पुन्हा हाक मारली.

"ती बाई इथे राहत नाही," आतून आवाज आला. "नाव घे, मग टोमॅटो घेते."