कवितांची नोंदणी

कुठलाही कागद हातात आला की काका आधी तो उजेडाकडे धरायचे. आमंत्रण असो, नाहीतर औषधाची चिठ्ठी असो. मग तो उलटून मागची कोरी बाजू बघायचे आणि विचारायचे, "यात गोम कुठं आहे, ताई?"

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. पण तो कवितेच्या बैठकीत येऊन बसला तर काय होतं, ते मी पाहिलंय.

हैदराबादच्या काचीगुड्यात एका होमिओपॅथिक दवाखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी जमतो. नोकरीसाठी पुण्याहून इथे आल्यावर कानावर मराठी पडेना, म्हणून मीच हा उद्योग सुरू केला. कुणीही यावं, आपलं लिहिलेलं वाचावं, दुसऱ्याचं ऐकावं. काका आले ते हे खरंच इतकं साधं आहे का, ते तपासायला. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेतलं. स्वतः नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले, खोटे दस्तऐवज पकडण्यात सगळी नोकरी गेलेली.

"हे फुकट कायकू करता तुम्ही?" त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं.

"आवड म्हणून."

"हौ. सगळे असंच म्हणतात." आणि दाराजवळची खुर्ची पकडून बसले.

स्वतः ते कधी काही वाचायचे नाहीत. दुसरं कुणी वाचायला लागलं की मात्र पिशवीतून लांबट वही काढून भराभर लिहायचे. हळूहळू कुजबुज सुरू झाली. एका शिक्षिकाबाईंनी मला जिन्यात गाठलं. "माझी अख्खी गझल उतरवून घेतात हो ते. कुठं स्वतःच्या नावावर छापत नसतील ना?" एकदा ते पाणी प्यायला उठले तेव्हा मी वहीत डोकावले. बाईंची गझल होती, शब्दन्‌शब्द. पावलं वाजली म्हणून बाकी काही न बघता मी घाईनं वही मिटली. त्या दिवसापासून ते आमच्यावर लक्ष ठेवायचे आणि मी त्यांच्यावर.

आमच्यात केतकी नावाची एक मुलगी होती. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, दिलसुखनगरच्या हॉस्टेलमध्ये मुक्काम. मराठी शाळा तिला मिळालीच नव्हती. बोलायची छान, पण वाचताना अडखळायची आणि कविता मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत लिहायची. हॉस्टेलच्या गच्चीवर एकाच दोरीवर वाळणाऱ्या आठ मुलींच्या कपड्यांवर तिनं एक कविता केली होती. ती आम्ही तिला पुन्हा एकदा वाचायला लावली होती.

एका रविवारी ती नाचतच वर आली. कुठल्याशा ऑनलाइन काव्यमंचानं तिची कविता संग्रहासाठी निवडली होती. संमतीपत्रावर सही करून पाठवायची, एवढंच बाकी होतं. काकांनी कागद मागून घेतला, खिडकीपाशी नेला, दोनदा वाचला.

"सही करू नक्को. सगळे हक्क त्यांचे, असं लिहिलंय. उद्या इथं वाचायलाही तुला त्यांची परवानगी लागेल."

"काका, तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही का?" ती म्हणाली.

काकांनी मंचाचा पत्ता वहीत उतरवला आणि कागद तिला परत दिला. पुढच्या बैठकीत मात्र पहिल्यांदाच वाचायला उभे राहिले. खरेदीखतात जागेच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहितात, ती चतुःसीमा त्यांनी ओळी तोडून लिहून काढली होती. "पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस पडीक विहीर, उत्तरेस दुसऱ्याची भिंत, दक्षिणेस काही नाही." मग खिशातून पत्र काढलं. त्याच मंचानं दोन दिवसांत ही 'हृदयस्पर्शी रचना' निवडली होती आणि काकांना काव्यरत्न केलं होतं.

खोली हसून हसून लोळली. मीसुद्धा हसले. केतकी तेवढी मोबाईलकडे बघत होती.

"म्हणजे माझीपण तशीच असणार," ती म्हणाली. आमच्यासमोर तिनं ती कविता पुसून टाकली आणि जिना उतरून गेली.

काकांचा चेहरा मी पाहिला. गुन्हा पकडायला गेलेल्या माणसाच्या हातून भलतंच काही मोडलं होतं. पुढच्या बैठकीला केतकी आली नाही. फोनही उचलेना. काका मला म्हणाले, "तिच्या हॉस्टेलवर चला. मी एकटा गेलो तर वॉचमन शक करेल. करायलाच पाहिजे."

हॉस्टेलच्या खालच्या व्हरांड्यात ती आमच्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली. काकांनी पिशवीतून वही काढून उघडली. पानाच्या वर तिचं नाव, तारीख, वेळ. खाली तिची अख्खी कविता. त्याखाली लिहिलं होतं, "साक्षीदार", आणि दोन नावं. त्यातलं एक माझं.

"कवितेचं रजिस्ट्रेशन होत नाही, बेटा. कुणी चोरली तर दाखवायला काही पाहिजे ना? म्हणून मी सगळ्यांच्या लिहून ठेवतो." मला जिन्यातली कुजबुज आठवली आणि मान वर करवेना.

"मला हे अक्षर वाचता येत नाही," केतकी म्हणाली.

तेव्हा काकांनी तिची कविता तिला वाचून दाखवली. येणाऱ्याजाणाऱ्या मुली थांबून ऐकू लागल्या. शेवटाकडे तिनं अडवलं. "ओला नाही काका, ओलसर." त्यांनी शब्द खोडला, वर नवा लिहिला आणि समासात तिची सही घेतली.

"मी वाईट म्हणालो ते त्या कागजाला. तुझ्या कवितेला नाही," ते म्हणाले. "हे त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

त्यानंतर ती परत यायला लागली. मंचाच्या संमतीपत्रावर सही तिनं केली नाही. आता ती देवनागरी लिहायला शिकलीय.

पुढच्या वर्षी काकूंच्या दुखण्यापायी काका मुलीकडे बंगळुरूला निघाले. काचीगुडा स्टेशनवर आम्ही दोघी पोचवायला गेलो. ते डब्याच्या दाराशी उभे होते. केतकी म्हणाली, "काका, तुमचीपण एखादी कविता असणार. एक तरी म्हणा ना."

"मोबाईल बंद करा आधी. दोघींचे. दाखवा."

आम्ही बंद स्क्रीन दाखवले. मग चणेवाला पुढे जाईपर्यंत थांबून, खाली बघत, त्यांनी चार ओळी म्हटल्या. सावकाश, एकदाच. गाडी हलली तेव्हा ते आत वळले होते.

काका त्याच हिवाळ्यात गेले. मुलीला विचारलं, तर त्यांचं स्वतःचं लिहिलेलं कुठंच सापडलं नाही. मी आणि केतकी अधूनमधून त्या चार ओळी एकमेकींना म्हणून दाखवतो. तिसऱ्या ओळीत ती 'वाट' म्हणते, मी 'वेस' म्हणते. दोघींनाही आपलंच बरोबर वाटतं, आणि विचारायला कुणी नाही.