बंद केला तरी विझेना

रुमेना स्तोयकोवा बल्गेरियातल्या आमच्या प्लॉवडिवच्या कार्यशाळेतली सर्वांत जुनी इंजिनियर. सर्किट बोर्डांची आखणी तिची, आणि नवा बोर्ड रुसला की त्याची समजूत काढणंही तिच्याकडेच. स्वभाव तापट, हात मात्र शांत.

मधपेट्यांचं वजन करणाऱ्या यंत्राचे पहिले नमुना-बोर्ड आले, तेव्हाची गोष्ट. बंद करून पुन्हा चालू केलं की यंत्र वाट्टेल ते आकडे दाखवायचं. आणि बंद असतानाही बोर्डावरचा हिरवा दिवा मिणमिणत राहायचा.

"ताई, कपॅसिटरमध्ये चार्ज उरला असेल," प्रोग्रॅम लिहिणारा कामेन म्हणाला.

रुमेनाने कपॅसिटर रिकामा केला. मीटर शून्यावर आला, पण तिने हात काढताच आकडा पुन्हा वर चढला.

"भुताटकी आहे ही!"

"भुतं तुझ्या प्रोग्रॅममध्ये असतात. इथे कुठून तरी वीज येतेय."

मग तिने एकेक तार काढायला सुरुवात केली. पडद्याची काढली, अँटेनाची काढली. दिवा तसाच. वजनाच्या सेन्सरची काढली आणि दिवा विझला. परत जोडली, पुन्हा मिणमिण. सेन्सरला स्वतःची बॅटरी होती. बोर्ड बंद केला, तरी सेन्सर सिग्नलच्या तारेतून चिपमध्ये वीज ढकलत होता. चिप धड झोपत नव्हती, धड जागी होत नव्हती.

"पुढचं दार लावलं, पण खिडकी उघडीच," ती म्हणाली.

"खिडकी ठेवली कुणी?" कामेनने खोचकपणे विचारलं.

"मीच! दुसरं कोण?" असं म्हणून ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

पूर्वी अशा चुकीवर ती आठवडाभर कुणाशी बोलली नसती. पण हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तिने स्वतःवर चिडणं सोडून दिलं होतं.

बोर्ड बंद झाला की सिग्नलची तार तोडून ठेवेल, अशी एक छोटी चिप तिने मध्ये डकवली. दिवा विझला, आकडेही ताळ्यावर आले. कामेनने खाली जाऊन सगळ्यांसाठी चीज भरलेली गरम बानित्सा आणली.

शनिवारी यंत्र तिच्या नवऱ्याच्या, स्पासच्या, मधपेटीखाली बसलं.

"माश्या जाड झाल्या की कळेल ना गं?" त्याने विचारलं.

"तू जाड झालायस, ते यंत्राशिवायही दिसतंय!"

वजन बरोबर येत होतं. मग दुपारभर ती त्याच्याशेजारी अक्रोडाच्या सावलीत बसून राहिली, मीटर गाडीतच ठेवून.