युर्गनकाकांच्या तक्त्यातली रिकामी चौकट

आत्याचा फोन सकाळी कधी येत नाही. ती रविवारी दुपारची जेवणं आटोपली की करते, आणि 'काय करतेस' ऐवजी 'काय जेवलीस' असं विचारून सुरुवात करते. जानेवारीतल्या त्या मंगळवारी सव्वादहाला मी वाल्डॉर्फच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसले होते. स्क्रीनवर तिचं नाव दिसलं आणि मी उठून बाहेर आले. "रोहिणी, हे गेले गं. पहाटे, झोपेतच." मग जरा थांबून म्हणाली, "येताना काहीतरी खाऊन ये. इथे आज मी काही केलेलं नाही." हायडेलबर्गला गाडी बदलून डार्मश्टाटला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. काकांनी माझ्यावर एक काम सोपवलं होतं आणि मी ते केलं नव्हतं.

युर्गनकाका म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आत्या पन्नास वर्षांपूर्वी पुण्याहून डार्मश्टाटला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आली आणि दोन वर्षांत या उंच, कमी बोलणाऱ्या माणसाशी लग्न करून मोकळी झाली. काका जमीनमोजणी करणारे इंजिनिअर. घरात ती त्यांना सरळ नावाने हाक मारायची, पण आमच्यापैकी कुणी समोर असलं की त्यांचं 'हे' होऊन जायचं, आणि काकांना त्याची फार गंमत वाटायची. पन्नास वर्षांत त्यांनी बेतास बात मराठी कमावलं होतं. वीस वर्षांपूर्वी मी नवऱ्याबरोबर जर्मनीत आले तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी माझा पासपोर्ट पाहिला (कागद दिसला की त्यांना राहवतच नसे) आणि म्हणाले, "इथे मानसी लिहिलं आहे. तुझी आत्या तर तुला रोहिणी म्हणते."

मी सांगितलं, की लग्नात माझं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, सगळे पेढे खातात. काकांनी नीट ऐकून घेतलं. "आणि जुनं नाव कुठे नोंदवतात?" मी हसले. कुठेच नाही नोंदवत, म्हटलं. त्यांना ते हसण्यासारखं वाटलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी मानसी म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला मानसी या नावाविषयी काही तक्रार नाही, ते नवऱ्याने हौसेने ठेवलेलं आहे. पण ऑफिस, डॉक्टर, मुलाची शाळा, सासर सगळीकडे मानसी असताना या देशात मला रोहिणी म्हणणारी दोन माणसं होती. आता एकच आहे, आणि ते मनाला फार लागतं.

निवृत्त झाल्यावर काकांनी स्वतःचं घराणं शोधायला घेतलं. त्यांचे पूर्वज उत्तरेकडच्या मेक्लेनबुर्गचे, आणि तिकडच्या जुन्या जनगणनेच्या याद्या अजून शाबूत आहेत. मी एकदा त्यांना सांगितलं, की आमच्याकडे जनगणनेला पूर्वी खानेसुमारी म्हणत. तो शब्द त्यांना इतका आवडला की पुढे ते "उद्या मी खानेसुमारीला जातो" असंच म्हणायला लागले, आर्खिवमध्ये, म्हणजे दप्तरखान्यात, जातो असं कधी म्हणाले नाहीत. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. दिवसभर ते त्या जुन्या वेड्यावाकड्या अक्षरातल्या याद्यांवर भिंग धरून बसले होते आणि मी कंटाळून तीन वेळा कॉफी पिऊन आले. गाडीत परत येताना त्यांनी मला समजावलं, की त्या ठराविक रात्री घरात जो कोणी झोपला त्याचं नाव यादीत येतं. घरमालक, बायको, पोरं, पण मोलकरीणसुद्धा, पाहुणासुद्धा, गोठ्यात झोपणारा गडीसुद्धा. आणि प्रत्येक बाईच्या नावापुढे तिचं माहेरचं आडनाव येतं. 'गेबोरेन', म्हणजे जन्मानं अमुक. काकांचं म्हणणं असं, की सबंध यादीत हाच शब्द सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो हातात आला की आणखी एक घर उघडतं.

अशी घरं उघडत उघडत त्यांनी एक तक्ता केला. त्यांच्या खोलीची एक भिंत त्यानेच व्यापली. डावीकडे त्यांची बाजू, उजवीकडे आत्याची. त्यांची बाजू चार पिढ्या पूर्ण भरली. आत्याच्या बाजूसाठी बाबांनी पुण्याहून आमच्या लेले घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत पाठवला. बाबांचा समज असा, की आता काकांचे डोळे दिपतील. नऊ पिढ्यांचे पुरुष, ओळीने, कोण कुठे गेला, कुणी कुठे नोकरी केली, सगळं त्यात आहे. काकांनी आत्याकडून पानं वाचून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "तुमच्या घराण्यात बायका नव्हत्या का?" होत्या की. 'पत्नी लक्ष्मी' असं होतंच. पण ही लक्ष्मी लग्नानंतरची. ती आली कुठून, आधी तिचं नाव काय, याचा पत्ता नाही. उजवीकडे एकाआड एक चौकट रिकामी राहिली.

त्यातली एक चौकट आत्याच्या जिव्हाळ्याची होती. ही लक्ष्मी म्हणजे तिची आजी, वडिलांची आई. आत्या आठ वर्षांची होईपर्यंत तिच्याच कुशीत झोपत असे. आजीला माहेर नव्हतं, एवढंच घरात ठाऊक होतं. तिची माणसं कुठल्याशा साथीत गेली, पुढे तिकडे जाणं-येणं उरलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. "मी तरी कुठे विचारलं?" आत्या म्हणायची. "मी तिच्या पदराशी खेळत बसायचे..." ते ऐकल्यापासून काकांनी ती चौकट मनावर घेतली.

पुण्याच्या एका भेटीत मला बरोबर घेऊन ते जुन्या खानेसुमारीच्या घरोघरच्या याद्या मागायला एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, की तसले कागद आपल्याकडे ठेवत नाहीत, फक्त बेरजा ठेवतात. काका बाहेर आले ते फार खिन्न होऊन. "एवढी माणसं मोजली," म्हणाले, "आणि मग टाकून दिली?" मला उगाचच राग आला, आपल्या देशाला कुणी बोललं की येतो तसा. मी म्हटलं, आमच्याकडे दुसरी सोय आहे, आणि त्यांना नाशिकला घेऊन गेले. तिथे तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात. यात्रेला आलेल्या माणसाने आपलं गाव, घराणं, सोबतची माणसं सांगायची आणि ती लिहून ठेवायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. आमचं घराणं मूळचं साताऱ्याचं. गुरुजींनी साताऱ्याच्या लेल्यांची वही काढली आणि दहा मिनिटांत आमच्या पणजोबांची मोडीतली सही काकांपुढे ठेवली. काकांनी आधी रुमालाने हात पुसले आणि मगच त्या पानाला बोट लावलं. खाली होतं, 'सोबत कुटुंब लक्ष्मी'. काकांनी लगेच तिचं माहेर विचारलं.

"माहेरचं आडनाव नि गाव सांगा," गुरुजी म्हणाले, "त्यांची वही काढतो."

"पण तेच तर आम्हाला पाहिजे आहे."

"त्याशिवाय वही कशी काढणार?"

दोघांचंही बरोबर होतं.

हे पाच-सहा वर्षांपूर्वीचं. मग गेल्या सप्टेंबरात मी एका रविवारी डार्मश्टाटला गेले होते. आत्याला वरच्या कपाटातून रवा हवा होता, काका उंच म्हणून ते काढायला गेले आणि रव्याबरोबर एक पितळी डबा खाली घेऊन आले. त्याच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती. चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवत त्यांनी वाचलं, "के. अ. ओक, वाई." आणि आत्याकडे पाहिलं.

"ठेवून द्या तो. आपला नाही," आत्या म्हणाली. "कुणाचा तरी राहिलाय आपल्याकडे."

मला यात काहीच वावगं वाटलं नाही. तुम्हालाही वाटणार नाही. आपल्या प्रत्येक घरात दुसऱ्याचं नाव घातलेली एखादी वाटी, एखादं पातेलं असतंच. कधीतरी शेजारून काही आलेलं असतं, द्यायचं राहून गेलेलं असतं. तिची आई गेल्यावर आत्याने पुण्याहून चार भांडी आणली, त्यात हा डबा आला होता. परक्याचा म्हणून तिने तो तीस वर्षं वापरला नाही, आणि भांडं रिकामं परत करायचं नाही म्हणून त्यात थोडी साखर घालून ठेवली होती. ती दगड झाली होती. काकांना हे सगळं सांगावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि यादी तपासावी तसं एकेक विचारायला लागले.

"आईकडे हा किती वर्षं होता?"

"पहिल्यापासून. तीही म्हणायची, कुणाचा तरी आहे, द्यायचाय."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी आजीच्या फडताळात असायचा. तिथेच तर..." आत्या बोलता बोलता थांबली. तिने हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"सत्तर वर्षं शेजारी डबा मागत नाही," काका हळूच म्हणाले. "मुलीला लग्नात वडील भांडी देतात का तुमच्यात?"

देतात. वडिलांचं नाव घालून देतात. हे आम्हा दोघींना जन्मापासून ठाऊक होतं, आणि तरी ते सांगायला मेक्लेनबुर्गचा माणूस लागला. मी आत्याची थट्टा करणार होते, पण तिने डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता, म्हणून केली नाही. रवा तसाच राहिला. आम्ही त्या दिवशी पाव खाल्ला.

आता आडनाव होतं, गाव होतं. नाशिकला फोन केला तर गुरुजी म्हणाले, अशी पानं फोनवर वाचून होत नाहीत, या. काकांना विमानप्रवासाला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दिवाळीत जाते म्हटलं. दिवाळीत ऑफिसात नवी प्रणाली सुरू व्हायची होती, रजा मिळाली नाही. मग नाताळ म्हटलं, तर तिकिटं महाग म्हणून मीच फेब्रुवारीवर ढकललं. प्रत्येक वेळी मी काकांना कारण सांगायची आणि ते म्हणायचे, "हो, हो, गेनाऊ, अगदी बरोबर. ती इतकी वर्षं थांबली आहे, फेब्रुवारीपर्यंत थांबेल." तिचं थांबणं आम्ही दोघांनी गृहीत धरलं होतं. काकांचं वय माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि आत्याने एकदाही बोलून दाखवलं नाही म्हणून ते जास्तच बोचतं.

इकडच्या रीतीप्रमाणे त्यांचा अस्थिकलश पुरल्यानंतरच्या आठवड्यात मी गेले. खरं म्हणजे आता घाई कशाचीच नव्हती, तरी पुण्यात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी नाशिक गाठलं. गुरुजींनी विचारलं, "ते जर्मन काका नाही आले?" मी सांगितलं. ते आत जाऊन वाईची वही घेऊन आले. ओकांची पानं चाळायला अर्धा तास लागला. केशव अनंत ओक एकदाच आले होते, म्हाताऱ्या वडिलांच्या अस्थी घेऊन. मुलांची नावं होती आणि शेवटी गुरुजींनी बोट ठेवून वाचलं, "कन्या ठकू. साताऱ्यास लेले यांचे घरी दिली." मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. मग बाहेर येऊन पायरीवर बसले आणि त्या मंगळवारपासून अडलेलं रडू तिथे एकदाचं आलं.

आत्याला फोनवर सांगितलं नाही. परत आल्यावर पहिल्या रविवारी डार्मश्टाटला गेले. ती भाजी फोडणीला टाकत होती. मी कोटसुद्धा न काढता म्हटलं, "आत्या, ठकू."

"काय?"

"आजीचं नाव. लग्नाआधीचं."

तिने शेगडी बंद केली, हात धुतले, पुसले आणि काकांच्या खोलीत गेली. मला वाटलं, तक्त्यात नाव लिहायला गेली. मी मागोमाग गेले. पण तिने पेन घेतलं नाही. तक्त्यासमोर नुसती उभी राहिली. "तुला ठाऊक नसेल," ती म्हणाली. "नवीन नाव सापडलं की हे इथे उभे राहून एकदा मोठ्याने हाक मारायचे. मला आत ऐकू यायचं. कधी योहाना, कधी मारी... मी चेष्टा करायची. तर म्हणायचे, या नावाने हिला शेवटचं कुणी बोलावलं असेल, काय सांगावं."

मग तिने घसा साफ केला. आणि तिन्हीसांजेला अंगणातल्या मुलीला घरात बोलवावं तशी हाक मारली, "ठकू, ए ठकू..."

त्या घरात तिसरं कुणी नव्हतं. मी ओ दिली.