धाकट्या जावेचं गाणं

ताम्हिणीत भातलावणीला आम्हा बायकांत माझाच गळा गोड म्हणायचे. आमच्या नव्या ट्रान्झिस्टरवरची चाल मी एकदा ऐकली की उचलायची. शब्दांच्या जागी काहीही घालायची. त्या वर्षी धाकटी जाऊ लग्न होऊन आली. तिचा आवाज घोगरा, पण गाण्यातला शब्द न् शब्द पाठ. एका दुपारी चिखलात वाकून तिनं ट्रान्झिस्टरवरचंच माहेर तुटलेल्या लेकीचं गाणं म्हटलं, तेही बेसूर. बायकांचे हात थांबले. माझा जीव जळला. मी तीच चाल मोठ्यानं धरली.

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या, "ती काय म्हनतीया ते ऐकू दे."

मी चाल सोडून ऐकू लागले. वर्षभर गुणगुणलेलं ते गाणं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि डोळे भरून आले. तरी ते तिच्या तोंडून कळलं, याचा राग काही गेला नाही.