क्लेमेंटीतला गाडी पाहण्याचा कार्यक्रम

ऑकलंडला मोटरहोम विकत घ्यायची, न्यूझीलंडभर हिंडत क्राइस्टचर्चला पोचायचं, तिथे ती विकायची आणि विमानाने सिंगापूरला घरी, हा बेत माझ्या नवऱ्याचा. भाड्याने घेण्यापेक्षा असं केलं की ट्रिप जवळजवळ फुकटात पडते, हे त्याचं गणित. ट्रिप झकास झाली. फक्त गाडी घेणारा माणूस शेवटच्या दिवशी आलाच नाही. रजा संपली होती, त्यामुळे गाडी तिथल्या एका यार्डात उभी करून आम्ही क्लेमेंटीच्या फ्लॅटवर परतलो आणि इथे बसून तिथली गाडी विकायच्या उद्योगाला लागलो.

आम्ही म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या. पडदे ओढलेले, जेवण एकदाच, फोन केला तर "बरंय" याच्या पुढे शब्द नाही. मीच हट्टाने त्यांना ट्रिपला ओढलं, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मीच कपाळाला हात लावून बसले, की आता अख्खी ट्रिप एवढ्याशा खोक्यात सासूबरोबर. पण त्या गाडीत बाईंना काय झालं देव जाणे. गॅस सिलिंडरचा ताबा त्यांनी स्वतःहून घेतला. गाडी मागे घेताना खाली उतरून "येऊ दे, येऊ दे, बस्स" म्हणत हात दाखवू लागल्या. फेरीबोटीच्या डेकवर वाऱ्याने त्यांची शाल उडून समुद्रात गेली, तर रेलिंगला धरून खदाखदा हसत सुटल्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना असं हसताना पाहिलंच नव्हतं.

परत आल्यावर मात्र एकच धोशा. "गाडीचं मार्गी लागलं की मी पुण्याला जाते." बॅगही भरून ठेवली. आता माझी पंचाईत बघा. गाडी विकली नाही तर ती यार्डात गंजणार, आणि विकली तर सासूबाई पुन्हा त्या पडद्यांमागे. मी रोज सकाळी गाडी विकली जावी म्हणून देवाला सांगायचे आणि संध्याकाळी इतक्यात नको म्हणून.

नवऱ्याने इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं, "न्यूझीलंड हिंडायचंय? गाडी पाहायला रविवारी घरी या." घरी कुठली गाडी? टीव्हीवर फोटो दाखवायचे, बस. पण रविवारी चार वाजता माणसं बघायला येणार म्हटल्यावर माझ्या हातून आपसूक पोहे भिजवले गेले. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून बसला. बंपरची एक बाजू दिसू नये असे फोटो मी निवडून काढले. थोडक्यात, कांदेपोह्यांचा रीतसर कार्यक्रम, फक्त मुलगी परदेशी होती.

पहिल्यांदा आले ते इथल्याच आंग मो किओ भागातले दोन तरुण इंजिनियर. फोटो बघून खूश झाले. तेवढ्यात सासूबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघा, आधीच सांगितलेलं बरं." झालं. सिंकखाली पाणी गळतं. वरचं कपाट वळणावर आपोआप उघडतं, आमचा तूरडाळीचा डबा त्यातूनच माझ्या डोक्यावर आला. बंपरला चीर आहे, कारण गाडीची पूजा केली तेव्हा नारळ फोडायला दगड सापडेना, तर चिरंजीवांनी तो बंपरवर आपटला. नारळाला काही झालं नाही. पोरांनी पोहे दोनदा घेतले, आजींना वाकून नमस्कार केला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही.

माझं डोकं सणकलं. "आई, सगळं सांगायलाच हवं होतं का?"

"स्थळात काही लपवू नये," त्या म्हणाल्या आणि शांतपणे चहा ओतू लागल्या. नवरा गालातल्या गालात हसत होता. खरं सांगू, मलाही आतून बरंच वाटत होतं, म्हणून तर जास्त चिडचिड होत होती.

पुढच्या रविवारी जुरोंग ईस्टहून एक जोडपं आलं. मूळचे नागपूरचे, काका इथे संशोधक, त्याच महिन्यात निवृत्त होणारे. दारात काकूंनी "जय भीम" म्हटलं, सासूबाईंनी "जय भीम, या या" म्हणत आत घेतलं. काका टीव्हीसमोर बसले. काकूंनी मात्र फोटोंकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सासूबाईंचं गळक्या सिंकचं पुराण पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते राहू द्या ताई. रात्री थंडी वाजते का? आणि संडासाची टाकी कोण रिकामी करते?"

"मी करायचे," सासूबाई ताठ होत म्हणाल्या. "आणि ते बसून सांगता येत नाही. उठा सगळे."

मग आमच्या हॉलमध्ये जे घडलं ते मी जन्मात विसरणार नाही. जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या दोन-दोन करून लावल्या. काका ड्रायव्हर, शेजारी काकू, मागे मी आणि नवरा. कपडे वाळत घालायचा स्टँड म्हणजे दार. सासूबाई मधोमध उभ्या. "गॅस बंद? भांडी आत? पायरी वर घेतली? मग निघा. काका, हळू, डावं वळण आहे." आम्ही चौघं उजवीकडे कललो. "कपाट," सासूबाई ओरडल्या, आणि मी खरोखरच हात वर करून नसलेलं कपाट धरलं. काका तोंडाने हॉर्न वाजवत होते. काकूंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. "बाप्पा बाप्पा, थांबवा हो गाडी," म्हणत त्यांनी पोट धरलं. नवरा खुर्चीसकट आडवा व्हायचा बाकी होता.

गाडी थांबली, चहा झाला. काकांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी मान हलवली.

"घेतो आम्ही," काका म्हणाले. "पुढच्या महिन्यात जाऊ आणि उलटं येऊ, क्राइस्टचर्चहून ऑकलंडला."

मला सासूबाईंची भरलेली बॅग आठवली. आता ती बॅग उचलली जाणार.

"पण एक आहे," काकू म्हणाल्या. "ताई, तुम्ही चला ना आमच्या संगं. आम्हाला कोण शिकवणार हे सगळं?"

मला वाटलं सासूबाई म्हणतील, छे छे, आता या वयात काय. त्या म्हणाल्या, "न्यूझीलंडचा व्हिसा वर्षभराचा आहे. मी बघून ठेवलाय."

नवऱ्याचा चेहरा पडला. तो त्यांना बाजूला घेऊन कुजबुजला, "आई, अगं आजच भेटलोय आपण. ओळख ना पाळख."

"तुझे बाबा तरी कुठे ओळखीचे होते," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "एकदा पोहे खाल्ले आणि ठरलं. चाळीस वर्षं नीट झाली ना?"

काका-काकू गेले आणि मी कपबश्या विसळायला घेतल्या. मी आनंदाने नुसती उडत होते आणि त्याच वेळी मला भयंकर हेवा वाटत होता, की पुढच्या महिन्यात मी ऑफिसात आणि या बाई पुन्हा डोंगरात. आतल्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. पुण्याच्या शेजारीणबाईंशी फोनवर बोलत होत्या.

"नाही, एवढ्यात येत नाही मी. नाही हो, मुलाकडे नाही थांबत. फिरायला चाललेय. कशाने म्हणजे? आमच्या गाडीने. हो, विकली की आजच. मग काय झालं?"